सरळ आठ सिलिंडरचे इंजिन आणि एका टोकाचा स्टँड : ब्यूकच्या बिडाच्या ब्लॉकचे एक प्रकरण

कोल्हापुरातील आमच्या कार्यशाळेत १९३८ सालची एक ब्यूक गाडी संपूर्ण दुरुस्तीसाठी आली होती. तिचे इंजिन स्टँडवर बसवून तपासणी सुरू असताना तो स्टँड इंजिनासह उजवीकडे कलंडला. वरच्या चेन पुलीचे पट्टे तोवर सोडलेले नव्हते, म्हणून इंजिन जमिनीवर आले नाही आणि कोणाला इजाही झाली नाही. स्टँडच्या खांबावरील पट्टीवर ३४० किलो क्षमता लिहिलेली होती आणि इंजिन २८२ किलो भरले होते, म्हणजे पट्टी प्रमाण मानली तर सगळे मर्यादेत होते. मर्यादेत असलेले वजन कलंडले कसे, याचा शोध आम्ही पुढे बरेच दिवस ओळंबा, टेप आणि वजनकाटा घेऊन केला. जुन्या, लांब आणि जड इंजिनांवर काम करणाऱ्यांना तो उपयोगी पडावा म्हणून येथे सविस्तर मांडत आहे.

इंजिनाचे स्वरूप

ब्यूकने एका रांगेतील आठ सिलिंडरांची इंजिने १९३१ पासून १९५३ पर्यंत गाड्यांना बसवली. आमच्याकडे आलेले इंजिन त्यांपैकी लहान, म्हणजे २४८ घनइंचांचे, सुमारे ४.१ लिटरचे होते. त्याचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ३ ३/३२ इंच आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ४ १/८ इंच असतो, आणि व्हॉल्व्ह डोक्यावर, हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणात असतात. ही शेवटची गोष्ट या प्रकरणात फार महत्त्वाची ठरली, कारण व्हॉल्व्ह, रॉकर आणि त्यांचा दांडा यांमुळे हेड जड होते आणि ते सर्व वजन इंजिनाच्या अगदी वरच्या भागात येते.

आठ सिलिंडर एकामागे एक उभे केले की ब्लॉक लांब होतो, त्याला इलाज नाही. आमच्या ब्लॉकची पुढच्या तोंडापासून बेल हाउसिंगच्या (मागील बाजूच्या क्लचच्या आवरणाच्या) तोंडापर्यंतची लांबी सुमारे ९५० मिलिमीटर भरली. व्ही-८ इंजिनात तेच आठ सिलिंडर चार-चारच्या दोन रांगांत विभागले जातात, त्यामुळे ब्लॉक आणि क्रँक दोन्ही आखूड व ताठ होतात. मोटार उद्योग पुढे त्या वाटेने गेला आणि ब्यूकनेही १९५३ मध्ये व्ही-८ स्वीकारले. बाजारात आज जे इंजिन स्टँड मिळतात त्यांच्या रचनेत अशी आखूड इंजिनेच गृहीत धरलेली दिसतात. एक खांब, खांबाच्या माथ्यावर आडवी नळी, नळीत फिरणारी आणि पिन घालून अडकवायची दुसरी नळी, तिच्या तोंडावर प्लेट आणि प्लेटला चार हात, असा हा स्टँड असतो. चार हात ब्लॉकच्या मागच्या तोंडाला, बेल हाउसिंगच्या बोल्टांच्या छिद्रांत आवळले जातात आणि पूर्ण इंजिन एका टोकावर, भिंतीत ठोकलेल्या खुंटीला पिशवी अडकवावी तसे अधांतरी राहते.

त्या दिवशी काय घडले

गाडीच्या मालकांना सर्वांत आधी तळाच्या बेअरिंगांची स्थिती जाणून घ्यायची होती. या काळातील ब्यूकच्या कनेक्टिंग रॉडांमध्ये बॅबिट, म्हणजे बेअरिंगचा मऊ मिश्रधातू, थेट ओतलेला असतो. तो पुन्हा ओतून घेणे हे वेळखाऊ आणि खर्चिक काम असल्याने त्याचा अंदाज आधी मिळावा, ही मागणी योग्यच होती. म्हणून आम्ही हेड न काढता, केवळ क्लच, डायनामो, स्टार्टर आणि मॅनिफोल्ड उतरवून इंजिन स्टँडवर चढवले. ते उलटे करून चेंबर (तळाचे तेलाचे भांडे) काढावे, बेअरिंगे पाहावीत आणि मग पुढचे ठरवावे, असा बेत होता. कामाचा हा क्रमच पुढील प्रसंगाच्या मुळाशी होता, हे तेव्हा माझ्याही ध्यानात आले नाही.

स्टँडचा पाया टी आकाराचा होता. मागे ७०० मिलिमीटर अंतरावर दोन चाके आणि पुढे, लांब पायाच्या टोकाला, सर्व दिशांना वळणारे एकच चाक. स्टँड उजवीकडे सरकवून चेन पुलीखाली आणला होता. इंजिन चढले, चार बोल्ट आवळले गेले, चेन ढिली सोडली गेली. तेव्हा एक तरुण सहकारी पट्ट्यांचे हूक काढू लागला, त्याला आमच्या ज्येष्ठ मिस्त्रीमामांनी थांबवले. "पिन दुसऱ्या भोकात बसल्याबिगर पट्टा सोडायचा न्हाई," एवढेच ते म्हणाले. पोरगा थोडा नाराज झाला, कारण पट्टे आडवे येत होते आणि इंजिन फिरवायला अडचण होणार होती. तरीही मामांचा शब्द म्हणून पट्टे राहिले.

पिन ओढताच इंजिन हाताला न जुमानता स्वतःहून उजवीकडे फिरले. पाव वळसा पूर्ण होत असतानाच मागचे डावे चाक जमिनीवरून उचलले गेले, खांब झुकला, आणि वीतभर गेल्यावर चेन ताणली जाऊन सगळे थांबले. एवढ्या गोष्टीला दोन सेकंदही लागले नसतील. आम्ही चेन ओढून इंजिन हळूहळू वर घेतले, स्टँड सरळ केला, बोल्ट सोडले आणि इंजिन जमिनीवर लाकडी ठोकळ्यांवर ठेवले. त्या दिवशी पुढे काम केले नाही.

मोजमाप : पहिले अंतर

सुरुवात आम्ही वजनापासून केली. क्रेनच्या हुकाला टांगायच्या काट्यावर इंजिन २८२ किलो भरले. त्यानंतर गुरुत्वमध्य शोधला. त्याची रीत सोपी आहे आणि कोणत्याही कार्यशाळेत करता येते. इंजिन दोन आडव्या पट्ट्यांवर टेकवायचे, एक पट्टी मागच्या तोंडापासून ६० मिलिमीटरवर आणि दुसरी तिच्यापुढे ८०० मिलिमीटरवर. पुढच्या पट्टीखाली काटा ठेवून इंजिन समतल करायचे. काटा १४६ किलो दाखवत होता. १४६ ला २८२ ने भागून ८०० ने गुणले की सुमारे ४१४ मिळतात, त्यात आधीचे ६० मिळवले की ४७४. म्हणजे गुरुत्वमध्य ब्लॉकच्या मागच्या तोंडापासून ४७४ मिलिमीटरवर, जवळजवळ मध्यावर होता.

त्यात स्टँडची स्वतःची लांबी मिळवावी लागते. हात आणि स्पेसर मिळून प्लेट आणि ब्लॉक यांमध्ये ९५ मिलिमीटर, प्लेटपासून खांबावरील नळीच्या तोंडापर्यंत आणखी ६०. अशा रीतीने २८२ किलो वजन नळीच्या तोंडापासून ६२९ मिलिमीटर पुढे लटकत होते. वजन गुणिले अंतर म्हणजे आघूर्ण, आणि ते येथे सुमारे १७७ किलोग्रॅम-मीटर येते. खांब, नळी आणि त्यांच्या वेल्डिंगला वाकवणारा जोर हा आहे. नळीला त्यातील किलोचा आकडा वेगळा कळत नाही.

आता एखादे आखूड व्ही-८ घेऊ, ज्याचा गुरुत्वमध्य मागच्या तोंडापासून सुमारे २७० मिलिमीटरवर आहे. त्याच स्टँडवर ते नळीच्या तोंडापासून ४२५ मिलिमीटरवर येईल. पट्टीवरचे पूर्ण ३४० किलो तेथे लावले तर आघूर्ण साडे-१४४ किलोग्रॅम-मीटर होते. आमचे २८२ किलोचे सरळ आठ सिलिंडरचे इंजिन त्याहून बरेच जास्त, म्हणजे आखूड इंजिनाच्या हिशेबात सुमारे ४१७ किलोंइतका भार देत होते. स्टँड बनवणारे पट्टीवर वजन छापतात, ते वजन किती अंतरावर धरले आहे ते छापत नाहीत. माझ्या मते ही मोठी उणीव आहे आणि ग्राहकाने खरेदी करतानाच तो प्रश्न विचारला पाहिजे, कारण अंतर सांगितल्याशिवाय किलोंचा आकडा जवळपास निरर्थक ठरतो.

तरीही हे नमूद केले पाहिजे की आमचा स्टँड वाकला नाही आणि वेल्डिंगही सुटले नाही. नळीतील ढिलेपणामुळे इंजिनाचे पुढचे टोक थोडे खाली झुकलेले होते, एवढेच. तो कलंडला याचे कारण वेगळे होते आणि ते पायात आणि फिरण्याच्या अक्षात सापडले.

मोजमाप : टी आकाराचा पाया

खांबाच्या मध्यापासून नळीचे तोंड ७० मिलिमीटर पुढे आहे. म्हणजे इंजिनाचा गुरुत्वमध्य खांबापासून सुमारे ७०० मिलिमीटर पुढे आला. पुढचे एकुलते चाक खांबापासून ७९० मिलिमीटरवर आणि मागची दोन चाके खांबाच्या १५० मिलिमीटर मागे. जमिनीवर खडूने ही तीन टेकण्याची ठिकाणे जोडली की एक लांबट त्रिकोण तयार होतो. जोवर गुरुत्वमध्याखालचा ओळंबा या त्रिकोणाच्या आत पडतो तोवर स्टँड उभा राहतो.

पुढे-मागे पाहिले तर ९० मिलिमीटरची जागा शिल्लक होती आणि ती पुरेशी वाटत होती. आम्ही आजवर तेवढेच पाहत आलो होतो, कारण लांब इंजिन स्टँडला पुढे ओढून पाडेल ही भीती सर्वांच्या मनात असते. बाजूला मात्र कोणी पाहिले नव्हते. त्रिकोण पुढे निमुळता होत जातो, आणि लांब इंजिनाचा भार नेमका त्या निमुळत्या टोकाशी येतो. मागे दोन्ही बाजूंना ३५० मिलिमीटर मोकळीक असताना, ७०० मिलिमीटर पुढे ती प्रत्येक बाजूला केवळ ३४ मिलिमीटर उरते. आखूड इंजिन असते तर भार त्रिकोणाच्या रुंद भागात आला असता आणि हा प्रश्नच आला नसता.

त्या ३४ मिलिमीटरांतूनही आणखी वजाबाकी होते. वळणाऱ्या चाकाचा जमिनीवरील टेकू त्याच्या वळण्याच्या खिळ्याखाली नसतो, ओढले जाते त्या दिशेच्या मागे फरफटत राहतो. आमच्या चाकात हे अंतर ३० मिलिमीटर होते. स्टँड उजवीकडे सरकवला होता, म्हणून चाक डावीकडे वळून थांबले होते, त्रिकोणाचे टोक डावीकडे सरकले होते आणि उजवीकडील मोकळीक ६ ते ७ मिलिमीटरांवर आली होती. फरशीला पाणी वाहून जाण्यासाठी उजवीकडच्या गटाराकडे पन्नासात एक असा उतार होता. गुरुत्वमध्य जमिनीपासून ९०० मिलिमीटर उंच असल्याने या साध्या उताराने ओळंबा १८ मिलिमीटर उजवीकडे नेला. म्हणजे इंजिन फिरवण्यापूर्वीच ओळंबा त्रिकोणाबाहेर जाऊ पाहत होता. स्टँडच्या स्वतःच्या ४५ किलो वजनाने, जे मागच्या रुंद भागात होते, तो उभा धरला होता.

मोजमाप : फिरण्याचा अक्ष

चार हात बेल हाउसिंगच्या छिद्रांत बसतात आणि ती छिद्रे क्रँकभोवती असतात. साहजिकच प्लेटचा मध्य, म्हणजे फिरण्याचा अक्ष, क्रँकच्या आसपास येतो. आम्ही तो अंदाजाने थोडा वर घेतला होता. परंतु हेड बसलेले असताना या इंजिनाचा गुरुत्वमध्य अक्षाच्या ६० मिलिमीटर वर होता. अक्षावर तोललेली वस्तू वरून जड असली की ती हलक्या धक्क्यानेही उलटते. म्हणून पिन निघताच इंजिन फिरले, त्यात सहकाऱ्याची चूक नव्हती. पाव वळशाला तो ६० मिलिमीटरांचा फरक पूर्णपणे आडवा होतो आणि २८२ किलोंचा केंद्रबिंदू तेवढा बाजूला जातो. तेथे त्याला धरून ठेवायला सुमारे १७ किलोग्रॅम-मीटर लागतात, म्हणजे ६०० मिलिमीटरच्या दांड्याच्या टोकाला २८ किलोंचा जोर. बेसावध माणसाच्या हातून ते सुटणारच.

६ ते ७ मिलिमीटर मोकळीक असलेल्या बाजूला ६० मिलिमीटर सरकलेला भार, त्यात उताराचे १८ मिलिमीटर आणि अचानक थांबण्याचा हिसका. हिशेब मांडला तेव्हा स्टँड कलंडणे अटळ होते, असेच दिसले.

यातून कामाच्या क्रमाबद्दल एक गोष्ट कळली आणि ती मला या सगळ्यात सर्वांत मोलाची वाटते. पुढे हेड आणि रॉकरचा संच उतरवला तेव्हा तो ४७ किलो भरला आणि त्याचा स्वतःचा मध्य पूर्ण इंजिनाच्या गुरुत्वमध्याच्या सुमारे २५० मिलिमीटर वर होता. तो काढल्यावर उरलेल्या २३५ किलोंचा गुरुत्वमध्य ५० मिलिमीटर खाली आला. म्हणजे हेड आधी काढले असते तर अक्ष आणि गुरुत्वमध्य यांत ६० ऐवजी केवळ १० मिलिमीटरांचा फरक राहिला असता आणि इंजिन एका हाताने, शांतपणे फिरले असते. सुटा भाग काढला किंवा बसवला की गुरुत्वमध्य हलतो. म्हणून एका टप्प्यावर सुरक्षित वाटलेली मांडणी पुढच्या टप्प्यावर तशीच राहील असे धरून चालता येत नाही.

बोल्ट आणि बीड

कलंडण्याचे कारण बोल्ट नव्हते, तरी तपासणीत त्यांच्यातही दोष निघाला. वरच्या बाजूच्या एका बोल्टचे आटे ब्लॉकमध्ये केवळ ९ मिलिमीटर गेले होते. स्पेसर लांब होता आणि बोल्ट तेवढ्या प्रमाणात लांब घेतलेला नव्हता. बिडात, म्हणजे ओतीव लोखंडात, बोल्टच्या व्यासाच्या किमान दीडपट तरी आटे गुंतले पाहिजेत. ३/८ इंची बोल्टसाठी ते १४ मिलिमीटरांहून जास्त होतात.

ब्लॉकच्या तोंडाशी आघूर्ण १३४ किलोग्रॅम-मीटर होते आणि वरच्या व खालच्या बोल्टांमध्ये २३० मिलिमीटर अंतर. म्हणजे वरच्या दोन बोल्टांवर मिळून ५८० किलोंच्या आसपास ओढ होती. चांगल्या प्रतीचा ३/८ इंची बोल्ट याच्या कितीतरी पट ओढ सहज घेतो. अडचण बोल्टच्या पोलादात नसते, तो ज्यात रुततो त्या बिडात असते. करडे बीड दाबाला भक्कम आणि ताणाला नाजूक. ते वाकून इशारा देत नाही, एकदम तुटते. ज्या शहरात गल्लोगल्ली ओतकाम चालते तेथील वाचकांना हे सांगावे लागू नये, पण ८० वर्षांहून जुना, दुसरा न मिळणारा ब्लॉक समोर असताना त्याची आठवण ठेवलेली बरी. शिवाय इंजिन फिरवले की वरचे बोल्ट खाली जातात आणि खालचे वर येतात. प्रत्येक बोल्टवर सर्वाधिक ओढीची पाळी येते, म्हणून एकही बोल्ट दुय्यम मानता येत नाही.

आट्यांच्या जातीबद्दलही येथे थोडे सांगितले पाहिजे. अमेरिकन ब्लॉकवर जाड आट्यांचे इंची बोल्ट असतात, ६० अंशांच्या कोनाचे. ब्रिटिश इंजिनांवर व्हिटवर्थ आटे असतात, ५५ अंशांचे. अर्ध्या इंचाच्या मापात अमेरिकन बोल्टला इंचाला १३ आटे आणि व्हिटवर्थला १२ असतात. मेट्रिक १२ मिलिमीटरचा बोल्ट अर्ध्या इंचाच्या छिद्रात दोन-तीन आटे जातो आणि मग अडतो. अडला म्हणून बसला असे समजून तो पान्याने दामटला, तर बिडाचे आटे सोलले जातात. पिच गेज, म्हणजे आट्यांतील अंतर तपासायची पट्टी, लावून पाहायला अर्धा मिनिट पुरतो. आमच्या बोल्टांच्या डब्यात तिन्ही जाती एकत्र होत्या. त्या आम्ही त्याच आठवड्यात वेगळ्या केल्या.

नवी मांडणी

दोन्ही टोकांना आधार देणारा, फिरवता येणारा स्टँड आम्ही स्वतः बनवला. पायासाठी १०० बाय ५० च्या दोन लोखंडी चॅनेल, प्रत्येकी दीड मीटर लांब, एकमेकांपासून ८०० मिलिमीटरवर. दोन्ही टोकांना चॅनेलचेच तिरके टेकू दिलेले खांब. खांबांच्या माथ्यावर ५० मिलिमीटर बोअरची यूसीपी २१० जातीची, स्वतःहून रेषेत येणारी पेडेस्टल बेअरिंगे. मागे १६ मिलिमीटर जाड प्लेट, तिच्यावर बेल हाउसिंगच्या छिद्रांचा नमुना प्रत्यक्ष ब्लॉकवरून काढून घेतलेला, आणि लेथवर एकाच मापात तासलेले आखूड स्पेसर. पुढची प्लेट ब्लॉकच्या जाड, भरीव बॉसना (बोल्टसाठीच्या उंचवट्यांना) आवळली. टायमिंग कव्हरच्या स्क्रूंना आम्ही हात लावला नाही, कारण ते कव्हर धरून ठेवण्यापुरतेच असतात.

दोन आधारांतील अंतर १२५० मिलिमीटर आहे आणि गुरुत्वमध्य जवळपास मध्यावर, त्यामुळे प्रत्येक बेअरिंगवर १४१ किलोंचा सरळ खाली जाणारा भार येतो. मागच्या बेअरिंगपासून ब्लॉकचे तोंड १५० मिलिमीटरवर असल्याने तेथील आघूर्ण १३४ वरून सुमारे २१ किलोग्रॅम-मीटरवर आले. तेच इंजिन, तेच बोल्ट, आणि ओढ सहापटींहून कमी.

दोन टोकांच्या आधारात एक नवा धोका मात्र असतो आणि त्याबद्दल आम्ही बराच विचार केला. खांब वेल्डिंगच्या उष्णतेने थोडे सरकतात. प्लेट आणि ब्लॉक यांत फट राहिली आणि ती बोल्ट आवळून मिटवली, तर आपण स्टँड सरळ करण्यासाठी ब्लॉक ताणत असतो. म्हणून बोल्ट हाताने लावून झाल्यावर प्रत्येक बॉसपाशी फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घातला. पुढे एका ठिकाणी ०.८ मिलिमीटरची फट निघाली. तेवढा शिम, म्हणजे पातळ पत्र्याचा तुकडा, घातला आणि मगच आवळले. पुढचा दांडा बेअरिंगमध्ये लांबीच्या दिशेने ३ मिलिमीटर सरकू शकेल असा मोकळा ठेवला, जेणेकरून चौकट ब्लॉकला लांबीत ओढणार नाही.

दोन्ही प्लेटमध्ये उभ्या खाचा आहेत, त्यामुळे अक्ष वर-खाली करता येतो. अक्ष गुरुत्वमध्याच्या किंचित वर ठेवला की इंजिन मोकळे सोडल्यावर आपोआप सरळ उभ्या स्थितीत येते. आम्ही ५०० मिलिमीटरचा दांडा आडवा धरून त्याच्या टोकाला स्प्रिंगचा काटा लावला. तो ४ किलो दाखवत होता, म्हणजे २ किलोग्रॅम-मीटर आणि फरक अवघा ७ मिलिमीटर. फिरवण्यासाठी एकास चाळीस प्रमाणाची वर्म गिअरबॉक्स बसवली. ती हँडल सोडले तरी उलट फिरत नाही, पण तिच्यावर विसंबून आम्ही पिन लावणे सोडलेले नाही. चार चाके कोपऱ्यांवर आहेत आणि काम सुरू करण्यापूर्वी स्क्रू जॅकने पूर्ण चौकट चाकांवरून उचलून घेतली जाते. फरशीचा उतारही तेथेच, पातळी पाहून, काढून टाकता येतो.

इंजिन चढवण्यापूर्वी ब्लॉकच्या जागी जाड पाइप बसवून त्याला ३५२ किलो, म्हणजे प्रत्यक्ष वजनाच्या सव्वापट, ओतकामाचे तुकडे भरलेल्या पेट्या टांगल्या आणि रात्रभर तसेच ठेवले. सकाळी डायल गेजचा काटा आदल्या संध्याकाळच्या ठिकाणीच होता. त्यानंतरच इंजिन चढवले. चढवताना लांब इंजिनाला दोन टोकांना धरणारी आडवी दांडी वापरली, कारण एकाच हुकातून पट्टे फाकवले की त्यांचा कोन वाढतो आणि पट्ट्यांवरील ताणही त्याबरोबर वाढत जातो. उभ्या रेषेपासून पट्टा ६० अंश फाकला तर दोन पट्ट्यांपैकी प्रत्येकावर पूर्ण वजनाइतका ताण येतो.

एका टोकाच्या स्टँडवर हेडचे बोल्ट सोडणे किंवा आवळणे आम्ही पूर्ण बंद केले, त्याचेही कारण लिहून ठेवतो. १० किलोग्रॅम-मीटरला आवळायचा बोल्ट ४०० मिलिमीटरच्या पान्याने २५ किलोंची बाजूची ओढ मागतो. ती जमिनीपासून ११०० मिलिमीटर उंचीवर लागली की पाडणारे आघूर्ण साडे-२७ किलोग्रॅम-मीटर होते. आमच्या टी पायाच्या स्टँडची, स्वतःचे वजन धरूनही, सावरण्याची ताकद २० च्या आसपास होती. हे काम जमिनीवर, लाकडी घोडीत ब्लॉक बसवूनच करावे.

ज्यांना असा दोन टोकांचा स्टँड बनवणे शक्य नाही, त्यांनी लांब इंजिन स्टँडवर चढवूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बाभळीच्या ठोकळ्यांची घोडी, एक टनाची चेन पुली आणि चांगले रुंद पट्टे एवढ्यावर इंजिन जमिनीलगत कुशीवर आणि नंतर उलटे करता येते. वेळ लागतो, चार माणसे लागतात, पण पडायला उंचीच नसते.

ब्यूकचा ब्लॉक आम्ही धुऊन, बेल हाउसिंगच्या तोंडावर आणि चारही बॉसभोवती तडे दाखवणारी लाल रंगाची डाय मारून, पुसून, पांढऱ्या डेव्हलपरने तपासला. कोठेही तडा दिसला नाही. ज्या छिद्रात बोल्ट ९ मिलिमीटरच गेला होता त्याचे पहिले दोन आटे ओढले गेले होते. आतले आटे शाबूत असल्याने टॅप फिरवून ते साफ केले आणि योग्य लांबीचा बोल्ट लावला. त्यानंतर हेड उतरवले, इंजिन नव्या स्टँडवर उलटे केले आणि मिस्त्रीमामांनी पिन बसल्याची खात्री हाताने करून मगच पट्टे सोडू दिले. बॅबिट तीन रॉडांत तडकलेले निघाले.

जुना स्टँड मोडीत काढला नाही. त्याच्या पुढच्या टोकाला ७०० मिलिमीटरची आडवी चॅनेल वेल्ड करून तिच्या दोन्ही टोकांना चाके बसवली आणि खांबावरील मूळ पट्टीच्या खाली पांढऱ्या रंगाने दोन ओळी लिहिल्या : नळीच्या तोंडापासून ४२५ मिलिमीटरवर ३४० किलो, ६२९ मिलिमीटरवर २३० किलो. आता त्यावर केवळ चार सिलिंडरची इंजिने चढतात, आणि चढण्यापूर्वी त्यांचा गुरुत्वमध्य मोजून ब्लॉकवर खडूने खूण केली जाते.